ताळा जमला, गणित चुकलं: गटाराच्या मॉडेलचं कॅलिब्रेशन

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेल्या पुनरुक्ती काढल्यात आणि आकडेमोड जरा नीट मांडलीय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा विषय गटाराचा आहे. जेवता जेवता ऐकत असाल तर थोडा वेळ थांबा, हात धुवून या, मग ऐका.

सुरुवात एका गावापासून करू. अमेरिकेत इंडियाना राज्यात सेंट जोसेफ नदीच्या काठावर साउथ बेंड नावाचं शहर आहे. लोकसंख्या साधारण एक लाख. एकेकाळी इथे स्टुडबेकर गाड्यांचा मोठा कारखाना होता, तो १९६३ मध्ये बंद पडला. म्हणजे शहर काही फार श्रीमंत नाही. या शहराचं सांडपाणी पावसात नदीत जायचं. २०११ मध्ये तिथल्या केंद्र सरकारबरोबर करार झाला, की हे थांबवायचं. त्यासाठी जी कामं ठरली, त्यांचा अंदाजे खर्च होता ५० कोटी डॉलरपेक्षा जास्त.

आता हे ५० कोटी एक लाख माणसांत वाटून बघा. डोई पाच हजार डॉलर. त्यात पाळण्यातलं बाळसुद्धा आलं.

मग साहजिक प्रश्न येतो, की टाकी किती मोठी हवी, नळ किती रुंद हवा, हे ठरवलं कुणी? उत्तर असं, की कुठल्याही शहरात हे ठरवतं एक कॉम्प्युटर मॉडेल. जमिनीखालची सगळी नळांची जाळी कॉम्प्युटरमध्ये उभी करायची, तिच्यावर पाऊस पाडायचा आणि पाणी कुठून बाहेर येतं ते बघायचं. मॉडेल वीस टक्क्यांनी चुकलं तर खर्चही त्याच मापाने चुकतो. किंवा त्याहून वाईट, खर्च होतो आणि घाण पाणी नदीत जातच राहतं.

म्हणून आज बोलायचंय ते या मॉडेलच्या कॅलिब्रेशनबद्दल. मॉडेलचं उत्तर आणि प्रत्यक्ष मोजलेलं पाणी यांचा मेळ घालणं, हे कॅलिब्रेशन. ऐकायला सोपं वाटतं. पण शाळेत आपण नवाचा ताळा करायचो, आठवतंय? गुणाकार केला, ताळा केला, जमला, की खूश. आणि बाई सांगायच्या, उत्तर ५४ च्या जागी ४५ लिहिलंत तरी ताळा जमतो! ताळा जमला नाही तर गणित नक्की चुकलेलं असतं. पण ताळा जमला म्हणजे गणित बरोबर असतंच, असं नाही. आजच्या विषयाचं सगळं मर्म या एका गोष्टीत आहे.

पाणी नदीत जातंच का?

जुन्या शहरांत, म्हणजे लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क आणि आपलं साउथ बेंडसुद्धा, घरातलं सांडपाणी आणि रस्त्यावरचं पावसाचं पाणी एकाच नळातून जातं. कोरड्या दिवशी काही अडचण नसते. सगळं पाणी नदीकाठच्या एका मोठ्या वाहिनीत जमा होतं आणि शुद्धीकरण केंद्राकडे जातं.

पाऊस आला, की त्याच नळात कितीतरी पट पाणी येतं. ते मोठ्या वाहिनीत मावत नाही. मावलं नाही तर ते उलटं लोकांच्या तळघरात चढेल. म्हणून बांधणाऱ्यांनी जागोजागी सांडवे ठेवले. धरणाचा सांडवा असतो ना, तसाच, फक्त जमिनीखालच्या एका चेंबरमध्ये. एक बुटकी भिंत असते. पाण्याची पातळी भिंतीच्या वर गेली, की जादाचं पाणी पलीकडे पडतं आणि सरळ नदीत जातं. त्यात पाऊसही असतो आणि मैलाही.

लंडनचे हे सांडवे व्हिक्टोरियन काळापासूनचे. ते आवरण्यासाठी थेम्स नदीखालून २५ किलोमीटरचा बोगदा खणावा लागला आणि तो २०२५ मध्ये पूर्णपणे कामाला लागला. पण प्रत्येक शहराला असा बोगदा परवडत नाही. आणि प्रत्येक शहराला तो लागतोच, असंही नाही. लागतो की नाही, हे सांगणारं मॉडेल खरं बोलतंय का, हाच तर प्रश्न आहे.

मॉडेलच्या पोटात काय असतं?

दोन भाग असतात. पहिला भाग जमिनीच्या वरचा. पाऊस पडला, त्यातला किती छतांवर आणि रस्त्यांवर पडला, किती मातीत मुरला, किती डबक्यांत अडकला आणि उरलेला किती वेळाने नळाच्या तोंडाशी आला, हा हिशेब.

दुसरा भाग जमिनीच्या खालचा. नळाचा व्यास, उतार, आतला खडबडीतपणा, मॅनहोलची खोली, सांडव्याची उंची, पंप कधी चालू होतो ते. या आकड्यांवरून पाणी किती वेगाने आणि किती उंचीने वाहील, ते काढायचं. त्यामागची समीकरणं फ्रान्सच्या सँ-व्हनाँ या अभियंत्याने १८७१ मध्ये मांडली. ती हाताने सोडवणं फार कठीण, म्हणून कॉम्प्युटर. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९७१ मध्ये स्विम नावाचं सॉफ्टवेअर काढलं. ते आजही फुकट मिळतं आणि जगभर वापरलं जातं.

आता या दोन भागांतले काही आकडे मोजता येतात. नळाचा व्यास टेपने मोजा. सांडव्याची उंची मोजा. पण काही आकडे मोजता येत नाहीत, अंदाजाने घालावे लागतात. किती टक्के जमीन पक्की आहे आणि तिचं पाणी खरंच या नळाला जोडलेलं आहे? पन्नास वर्षांच्या नळाचा आतला पृष्ठभाग किती खडबडीत झालाय? फुटक्या सांध्यांतून जमिनीतलं पाणी किती आत येतं? हे अंदाजाचे आकडे म्हणजे रेडिओच्या खुंट्या समजा. त्या फिरवून मॉडेलचा आलेख मोजलेल्या आलेखावर बसवायचा. खरी गंमत आणि खरी फसगत दोन्ही इथेच होतात.

आधी कोरडा दिवस, मग पाऊस

शिस्त अशी, की पहिला मेळ कोरड्या दिवसाचा घालायचा. पाऊस नाही, फक्त घरांचं पाणी. मॅनहोलमध्ये मीटर बसवतात. तो दोन गोष्टी मोजतो: पाण्याची उंची आणि पाण्याचा वेग. वेग मोजायला आवाजाच्या लहरी सोडतात. पाण्यातल्या कणांवर आपटून त्या परत येतात, त्यावरून वेग कळतो. उंचीवरून पाण्याने नळाचा किती भाग व्यापलाय ते क्षेत्रफळ मिळतं. क्षेत्रफळ गुणिले वेग म्हणजे प्रवाह.

कोरड्या दिवसाच्या आलेखात सकाळी एक उंचवटा येतो, संध्याकाळी एक, आणि पहाटे दोन ते चारच्या दरम्यान तळ. हा तळ फार बोलका असतो. पहाटे तीनला कोण आंघोळ करतंय? तरीही नळात बरंच पाणी वाहत असेल, तर त्यातलं पुष्कळसं जमिनीतून झिरपून आलेलं असणार.

कोरड्या दिवसाचा मेळ बसला, की मगच पावसाकडे जायचं. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं वापरात असलेल्या मार्गदर्शिकेत किमान दोन कोरडे दिवस आणि तीन चांगले पाऊस मोजायला सांगितलंय. किती चूक चालेल, तेही दिलंय. कोरड्या दिवशी प्रवाहात दहा टक्के इकडेतिकडे. पावसात मात्र वरची आणि खालची मर्यादा वेगळी. सर्वोच्च प्रवाह मॉडेलने मोजणीपेक्षा २५ टक्क्यांपर्यंत जास्त दाखवला तर चालेल, पण १५ टक्क्यांपेक्षा कमी दाखवायचा नाही. एकूण पाणी २० टक्के जास्त चालेल, १० टक्क्यांपेक्षा कमी नाही. मॅनहोलमध्ये पाणी तुंबून वर चढतं तेव्हा त्याची उंची अर्ध्या मीटरपर्यंत जास्त चालेल, कमी मात्र फक्त दहा सेंटिमीटर.

असं एकांगी का? कारण चुकीची किंमत दोन्हीकडे सारखी नसते. मॉडेलने जास्त दाखवलं तर पैसे थोडे जास्त जातील. कमी दाखवलं तर कुणाच्या तरी घरात पाणी शिरेल.

आणि हो, पाऊससुद्धा मोजायचा. हे फार लोक विसरतात. दादरला कोसळतोय आणि सायनला ऊन, हे आपण रोज बघतो. मग विमानतळावरच्या पर्जन्यमापकाचा आकडा घेऊन दहा किलोमीटर लांबच्या नळाचा मेळ कसा बसेल? पर्जन्यमापक त्याच भागात हवेत, एकापेक्षा जास्त हवेत आणि त्यांची नोंद दर काही मिनिटांची हवी. "आज दिवसभरात ४० मिलिमीटर" हा आकडा बातमीला ठीक, गटाराला निरुपयोगी. ४० मिलिमीटर दिवसभर रिमझिम पडला, की अर्ध्या तासात, यावर सगळं अवलंबून असतं.

ताळा कसा फसवतो

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण असा प्रकार प्रत्यक्षात सर्रास होतो.

२० हेक्टरची एक वस्ती आहे. १० मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे एकूण २,००० घनमीटर पाणी पडलं. मॉडेलमध्ये आपण ४० टक्के जमीन पक्की आणि नळाला जोडलेली धरली होती. म्हणजे मॉडेलच्या मते नळात ८०० घनमीटर यायला हवं. सर्वोच्च प्रवाह मॉडेलने दाखवला सेकंदाला ३०० लिटर.

मीटर काय म्हणतो? सर्वोच्च प्रवाह ३१०. वा, छान जमलं. पण एकूण पाणी? १,२०० घनमीटर. म्हणजे ४०० घनमीटर पाणी मॉडेलच्या हिशेबात नाहीच!

मुदत उद्या संपतेय. काय करणार? सोपी खुंटी फिरवायची. ४० टक्क्यांचे ६० टक्के करायचे. झाले १,२०० घनमीटर. पण सर्वोच्च प्रवाहही वाढला ना, तो गेला ४५० वर. हरकत नाही, दुसरी खुंटी आहे. पाणी जमिनीवरून नळापर्यंत यायला जास्त वेळ लागतो असं दाखवायचं. प्रवाह पसरला आणि शिखर पुन्हा ३१० वर आलं. एकूण पाणी जमलं, शिखरही जमलं. अहवालात सुंदर आलेख लागला. ताळा जमला!

आणि गणित साफ चुकलं.

मीटरचा आलेख नीट बघितला असता तर दिसलं असतं, की ते जास्तीचं ४०० घनमीटर पाणी पावसाच्या वेळी आलेलंच नाही. पाऊस थांबल्यावर पुढचा दीड दिवस ते हळूहळू येत होतं. छतावरचं पाणी असं दीड दिवस रेंगाळत नाही. हे जमिनीत मुरलेलं पाणी आहे. भेगा पडलेल्या नळांतून, निखळलेल्या सांध्यांतून ते आत झिरपतंय.

म्हटलं तर काय बिघडलं? बिघडलं ते पुढे. या मॉडेलवर आता ४० मिलिमीटरचा मोठा पाऊस पाडला, टाकी किती हवी ते काढायला. ६० टक्के धरल्यामुळे मॉडेल म्हणतं, ४,८०० घनमीटर पाणी झपाट्याने येणार. खरं झपाट्याने येणारं पाणी ४० टक्केच, म्हणजे ३,२००. फरक १,६०० घनमीटरचा. ऑलिंपिकच्या तरण तलावाच्या जवळजवळ दोन तृतीयांश एवढी जादा टाकी, भर वस्तीत खोदून, लोकांच्या पैशांतून. आणि फुटके नळ? ते तसेच. कारण मॉडेलमध्ये फुटका नळ नाहीच, तिथे फक्त "पक्की जमीन" आहे.

मग हे ओळखायचं कसं? दोन उपाय आहेत.

एक म्हणजे सारख्याच मापाचे दोन पाऊस घ्या, एक महिनाभर कोरडं गेल्यानंतरचा आणि एक सलग आठ दिवस पाऊस झाल्यानंतरचा. छतं आणि रस्ते दोन्ही वेळा तेवढेच असतात, त्यामुळे पक्क्या जमिनीचं पाणी फारसं बदलणार नाही. झिरप मात्र जमीन भिजल्यावरच वाढते. दुसऱ्या पावसात बरंच जास्त पाणी आलं, तर चोर सापडला. अमेरिकेत यासाठी पावसाचं पाणी तीन त्रिकोणांत मांडतात. एक त्रिकोण लगेच येणाऱ्या पाण्याचा, एक थोड्या उशिराने येणाऱ्याचा आणि एक दिवस-दोन दिवस रेंगाळणाऱ्याचा. प्रत्येकाचा वाटा वेगळा काढला, की कुठलं पाणी छताचं आणि कुठलं भेगांचं, ते बरंचसं उलगडतं.

दुसरा उपाय म्हणजे एक पाऊस बाजूला ठेवायचा. तीन पाऊस मोजलेत ना? दोनवर खुंट्या लावा आणि तिसरा मॉडेलला दाखवूच नका. शेवटी, काहीही न बदलता, तो तिसरा पाऊस पाडून बघा. ज्या पावसावर मॉडेल बसवलं त्याच पावसावर त्याची परीक्षा घेणं म्हणजे पेपर फोडून पहिला नंबर काढणं.

पाणी चढलं, पण धावलं नाही

दुसरी फसगत नळाच्या खडबडीतपणाची. आयर्लंडचे अभियंते रॉबर्ट मॅनिंग यांच्या सूत्रात खडबडीतपणाचा एक आकडा असतो. काँक्रीटच्या चांगल्या नळाला तो साधारण ०.०१३ धरतात. आकडा जितका मोठा तितका नळ खडबडीत आणि पाणी हळू.

आता एका मॅनहोलमध्ये मॉडेलपेक्षा पाणी बरंच उंच चढतंय. खुंटी फिरवणारा काय करेल? ०.०१३ चे ०.०३० करेल. पाणी चढेल, आलेख जुळेल. पण त्यामुळे नळाची वाहून नेण्याची ताकद निम्म्याहून कमी झाली, जेमतेम ४३ टक्के उरली. मग मॉडेल म्हणणार, नळ लहान पडतोय, नवा टाका. रस्ता खोदा, वाहतूक वळवा, वर्षभर धूळ.

खरं काय असू शकतं? मीटरने उंची आणि वेग दोन्ही मोजलेत. त्या दोन्हींचा एक आलेख काढा, खाली उंची, बाजूला वेग. मोकळा नळ असेल तर पाणी चढेल तसा वेगही वाढतो. पण पाणी चढतंय आणि वेग उलट कमी होतोय, असं दिसलं तर समजा, की पुढे काहीतरी अडलंय. गाळ असेल, झाडाची मुळं असतील, हॉटेलांचं साचलेलं तूप-तेल असेल, कुणी टाकलेली फळी असेल. इथे नवा नळ लागत नाही, जेटिंग मशीन लागतं आणि एक सकाळ लागते.

बघा, त्याच आकड्यांतून एक माणूस कोट्यवधींचं काम काढतो आणि दुसरा एका सकाळचं. फरक एवढाच, की दुसऱ्याने न जुळणाऱ्या आलेखाला विचारलं, बाबा रे, तू का जुळत नाहीस?

म्हणून जाणते लोक खुंटीला हात लावण्याआधी तीन गोष्टी तपासतात.

आधी मीटरवर शंका घ्या. चिंध्या अडकल्या, की वेगाचा आकडा भलताच येतो. वरच्या दोन मीटरमधून गेलेलं पाणी आणि खालच्या मीटरमधलं पाणी यांचा हिशेब लागतो का, ते बघा. वरून १०० आलं आणि खाली ७० मोजलं, तर एकतर मीटर खोटा आहे किंवा मध्ये कुठेतरी नकाशात नसलेली फाटा वाट आहे.

मग नकाशावर शंका घ्या. जुन्या नकाशात नळ ४५० मिलिमीटरचा आणि जमिनीत ३०० चा, असं होतं.

आणि सांडव्याची उंची तर स्वतः जाऊन मोजा. कुणीतरी कधीतरी दोन विटा वर लावलेल्या असतात किंवा काढलेल्या असतात. सांडव्यावरून पडणारं पाणी उंचीच्या दीडपट घातात वाढतं. म्हणजे भिंतीवरून १० सेंटिमीटरऐवजी २० सेंटिमीटर पाणी जात असेल, तर प्रवाह दुप्पट होत नाही, जवळजवळ पावणेतीन पट होतो. दहा सेंटिमीटर म्हणजे दीड वीट. तिच्या चुकीपायी नदीत जाणाऱ्या पाण्याचा अख्खा अंदाज कोसळतो.

साउथ बेंडने काय केलं?

आता परत आपल्या गावाकडे. साउथ बेंडच्या शेजारीच नोत्र दाम विद्यापीठ आहे. २००८ पासून शहराने तिथल्या संशोधकांच्या आणि त्यातून उभ्या राहिलेल्या एमनेट कंपनीच्या मदतीने गटारांत मीटर बसवले. थोडेथोडके नाहीत, १२० च्या आसपास. ते काही मिनिटांनी पाण्याची उंची आणि प्रवाह कळवत राहिले. एरवी मीटर दोन-तीन महिन्यांसाठी भाड्याने आणतात, मोजतात, परत देतात. इथे ते कायमचे राहिले. म्हणजे प्रत्येक पाऊस हा ताळा करायचा पाऊस झाला. पेपर संपतच नाहीत!

त्यातून पहिली गोष्ट अशी दिसली, की काही सांडवे कोरड्या दिवशीही वाहत होते. पाऊस नसताना! म्हणजे तिथे नळ लहान नव्हता, तर पुढे अडथळा होता. सफाईची माणसं नेमकी तिथे पाठवता आली.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. पाऊस सगळीकडे एकाच वेळी पडत नाही. त्यामुळे एका ठिकाणचा सांडवा नदीत पाणी टाकत असताना दुसरीकडे जागा रिकामी असायची. मग त्यांनी काही ठिकाणी आपोआप उघडमीट करणारे दरवाजे बसवले. ज्या भागात पाणी तुंबतंय त्याला मोठ्या वाहिनीत जास्त जागा द्यायची, जिथे निवांत आहे त्याने थोडं थांबायचं.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नोंदवलंय, की २००८ ते २०१४ या काळात तिथले कोरड्या दिवसांचे सांडवे बंद झाले आणि पावसात नदीत जाणारं पाणी साधारण ७० टक्क्यांनी घटलं. वर्षाला सुमारे एक अब्ज गॅलन. आपल्या मापात जवळपास ३७८ कोटी लिटर. नदीतल्या ई-कोलाय जंतूंचं प्रमाणही सरासरी निम्म्याहून कमी झालं.

पुढे याच मोजणीच्या जोरावर शहराने केंद्र सरकारला म्हटलं, की जुन्या करारातली कामं पुन्हा तपासू या, आता आम्हाला आमचं गटार जास्त चांगलं कळलंय. मला यातली "आता कळलंय" ही गोष्ट मोलाची वाटते. नळ तेच होते. ते आधीही तिथेच होते.

आणि आपल्याकडे?

मुंबईत, पुण्यात मलनिःसारण वाहिनी वेगळी आणि पर्जन्यजल वाहिनी वेगळी, असं कागदावर आहे. तरीही पावसात ड्रेनेजची झाकणं उचलून पाणी रस्त्यावर येतं, हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. अंगणाचं, गच्चीचं पाणी ड्रेनेजला जोडलेलं असतं आणि फुटक्या सांध्यांतून झिरपही असते. म्हणजे मॉडेल करायचं तर ही जोडणी मॉडेलमध्ये हवीच.

पण बाहेरचे आकडे तसेच उचलून चालणार नाही. मघाशी सकाळ-संध्याकाळच्या उंचवट्याचं सांगितलं ना? ते चोवीस तास पाणी येणाऱ्या शहराचं. आपल्याकडे कित्येक भागांत पाणी ठरावीक वेळीच येतं. ज्या भागात पहाटे साडेपाचला पाणी येतं, तिथे टाक्या भरणं, कपडे, भांडी सगळं त्याच वेळी उरकतं. गटाराचं घड्याळ नळाच्या घड्याळावर चालतं. आपल्या नियमावलीत पुरवलेल्या पाण्याच्या ८० टक्के सांडपाणी धरतात. तो आराखड्यापुरता ठीक आहे, पण बोअरवेल आणि टँकरचं पाणी त्यात आलं का, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

आणि जून विरुद्ध ऑगस्ट! जूनच्या पहिल्या पावसात जमीन तहानलेली असते, ऑगस्टमध्ये तट्ट भिजलेली. फक्त जूनमध्ये मीटर लावून मॉडेल बसवलं, तर झिरप दिसणारच नाही आणि ऑगस्टमध्ये ते मॉडेल तोंडघशी पडेल. आपल्याकडे मोजणी अख्खा पावसाळाभर हवी.

आणखी एक गोष्ट, जी पैशात मोजता येत नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. तरी माणसं उतरतात, विषारी वायूने गुदमरतात, बातम्या येतात. अडथळा नेमका कुठल्या दोन मॅनहोलमध्ये आहे, हे मीटरच्या आलेखावरून आधी कळलं, तर तिथे थेट मशीन नेता येतं. "उतरून बघ रे जरा" असं म्हणायची वेळ कमी येते.

जाता जाता

तुमच्या भागात उद्या नव्या ड्रेनेजचं काम निघालं आणि सादरीकरणात रंगीत आलेख दाखवले, तर तीन प्रश्न विचारा. अभियंता असायची गरज नाही.

पहिला: मोजणी कुठल्या महिन्यात, किती पावसांची केली? दुसरा: मॉडेल जुळवायला कुठला आकडा बदलला, आणि तो बदल खरा आहे का, हे जागेवर जाऊन कुणी पाहिलं? तिसरा: एखादा पाऊस परीक्षेसाठी बाजूला ठेवला होता का, आणि त्यात मॉडेल पास झालं का?

तिन्हींची उत्तरं मिळाली तर काम बहुधा विचार करून काढलंय. "आलेख जुळतोय की साहेब" एवढंच उत्तर आलं, तर नवाचा ताळा आठवा. ४५ आणि ५४.

तुमच्या गल्लीतलं झाकण नेमकं कधी उचललं जातं, पाऊस जोरात असताना की थांबल्यानंतर, हे या पावसाळ्यात जरा लक्ष देऊन बघा आणि आम्हाला लिहून कळवा. आता तुम्हाला ठाऊक आहे, की या दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा असतो.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!